शंखांचा दगड

माझे बाबा, एलिया सोनटक्के,
कब्रस्तानात खड्डे खणायचे.
टाकळीकडच्या उतारावर
आधी काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण,
आणि पाषाणाच्या पोटात कधीतरी
वीतभर पांढरा थर.
पहार तिथे वेगळी वाजायची.

दोर्कसकाकूंच्या सासऱ्यांसाठी खणताना
हा दगड वर आला. मुठीएवढा.
आत शंखच शंख,
काही तांदळाएवढे, काही बोराच्या बीएवढे,
सगळे डावीकडे वळलेले.
बाबांनी तो हापशीखाली धुतला
आणि खिडकीतल्या शास्त्रावर ठेवला,
पंख्याने पानं उडू नयेत म्हणून.

कॉलेजात सर म्हणाले, गोड्या पाण्यातल्या गोगलगाई.
एक लाव्हा थंड झाला, दुसरा यायचा होता,
मधल्या उसंतीत इथे तळं होतं.
सदरहून घरी येताना सायकलच्या कॅरिअरला
साडेसहा कोटी वर्षं बांधलेली.
बाबा कांदा चिरत होते.
"असन," म्हणाले.
"मले खड्डा मालूम. तारीख त्याले मालूम."
आणि बऱ्याच वेळाने,
"तळं होतं म्हन्तेस... मंग पानी प्याले कोन येत होतं?"

यंदा नवे पाळक आले, नहेम्या लोंढे.
तरुण, मनमिळाऊ, सोबत प्रोजेक्टर.
पडद्यावर माकड, मग वाकलेला, मग ताठ,
आणि तिघांवर मिळून एक लाल फुली.
"एकतर हे, नाहीतर ते."
दोर्कसकाकूंनी मागे वळून पाहिलं माझ्याकडे,
पोलीस घरी येऊन गेलेल्या माणसाकडे पाहतात तसं.

बाहेर पायऱ्यांवर डॉक्टर भांबळ म्हणाले,
मनावर घेऊ नकोस, तिथला दिवस म्हणजे युग,
मी कोष्टक काढलंय, पाठवतो.
(पाठवलं. सतरा पानं.)
सेमिनरी हिल्सवरचे म्हातारे फादर नुसते हसले,
आमच्याकडे यावर भांडणं संपली, म्हणाले,
आता आम्ही पार्किंगवरून भांडतो.

मी अजूनही दर रविवारी लहान मुलांचा वर्ग घेते.
इझ्राने विचारलं, मिस, आदामला बेंबी होती का?
मी म्हटलं, तुला काय वाटतं?
होती. नाहीतर त्याला गुदगुल्या कुठे करणार?
आणि कोण करणार, हे मी विचारलं नाही.
त्याला ते माहीत असावं.

पण मला सांगायचंय ते वहिनीचं.
तिचं बाळ चार महिन्यांचं होऊन गेलं.
बाबांनीच खणलं, दीड हात,
त्या दिवशी पहार मुद्दाम हळू.
लोकांनी तिला मरण कुठून आलं ते समजावलं,
फळ, साप, पहिली चूक.
अठरा वर्षं ती मान हलवत राहिली.
परवा धूळ पुसता पुसता दगड हातात घेऊन म्हणाली,
हे सगळे मेलेलेच ना?
हो.
माणूस यायच्या आधी?
कितीतरी आधी.
म्हणजे कोणी काही केलं नव्हतं तेव्हाही.
मी गप्प.
तिने एकेक शंख नखाने साफ केला,
आणि दगड जागेवर ठेवून
भात लावायला आत गेली.
स्वयंपाकघरातून मग तिचं गुणगुणणं आलं,
भजनच होतं, पण मधेच थांबत होतं.

पाळक लोंढे चहाला आले तेव्हा
मी काही वाद घातला नाही. दगड हातात दिला.
त्यांनी तो उजेडाकडे धरला, अंगठा फिरवला,
आणि का कोण जाणे, कानाला लावला.
"आवाज येत नाही."
"बुजलेत ते. मातीने."
"हा मी नेऊ?"
शर्टाच्या खिशात टाकला, खिसा ओघळला छातीवर,
तसेच ते गाडीवर बसले.

तीन रविवार झाले. प्रोजेक्टर काढलेला नाही.
दगडही परत आलेला नाही.
इथे खिडकीत पहिलं पान
पंख्याने सारखं उठतं,
मी जाता-येता त्यावर हात ठेवते.